त्याच चुलीपाशी पुन्हा पुन्हा

जांब समर्थ हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून. शके १५३० च्या, म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, लग्नमंडपातून निघून गेला आणि बारा वर्षे तप व बारा वर्षे तीर्थाटन करून मग आईच्या भेटीस परतला, ही कथा आपण सर्वांनी शालेय वयातच ऐकलेली असते. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा कोणी थांबून पाहत नाही. ठोसरांच्या घराण्यात कुलकर्णपणाचे वतन होते, असे चरित्रकार सांगतात. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर कसे वळणदार व सुटे काढावे, ओळ कशी सरळ जावी, बोरू आणि शाई कशी असावी, लिहिलेले कसे जपावे, असा त्याचा विषय. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात ही कारकुनी कशाला, असे आमचे काही विद्यार्थी दरवर्षी विचारतात. दप्तराच्या घरात वाढलेल्या माणसालाच हे सुचावे, असे आम्हांला वाटते.

कुलकर्ण्याचे दप्तर हा आपल्या गावांचा वर्षानुवर्षे चालत आलेला पहिला लेखी वृत्तान्त होय. परंतु त्या दप्तरात काय होते? जमीन होती, सारा होता, बलुत्यांचे हक्क होते, थकबाकी होती. घर होते ते खातेदार म्हणून. त्या घरात या वर्षी किती ज्वारी उरली, कोणाकडून किती पायल्या उसन्या आणल्या, बैल का विकला, हे लिहिण्याचे कुलकर्ण्याला कारणच नव्हते. सावकाराच्या वहीत यातले काही सापडे, पण तेही त्याच्या येण्यापुरते. घराचा स्वतःचा जमाखर्च, आणि तोही एका वर्षाचा नव्हे तर पाठोपाठच्या दहा वर्षांचा, कोणी लिहिला का? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्याचे एक उत्तर सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतल्या चार गावांत मिळते. जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना ती गावे नावानिशी माहीत आहेत. मराठीच्या वर्गात मात्र त्यांचा उल्लेख आम्ही कधी ऐकलेला नाही.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. पेशवाई बुडाल्यावर लगेचच, १८१९-२० च्या सुमारास, थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी केली; तिचा वृत्तान्त १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. त्याच गावी, म्हणजे आजच्या लोणीकंदला, गो. स. घुर्ये यांनी पुन्हा जाऊन पाहिले आणि १९६० मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. दोन पाहण्यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, असे त्या पुस्तकाचे नावच सांगते. एवढ्या अवधीत माणसे तर नाहीतच, घरेही तीच राहत नाहीत. उरते ते गावाचे नाव.

१९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाले. मराठी गद्यातील या ग्रंथाचे मोल आम्ही येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. आत्रे महसूल खात्यातले, म्हणून त्यांची नजर कुलकर्ण्याच्या नजरेच्या पुढची. ती बलुत्या-अलुत्यांच्या तोंडचे बोलणेही ऐकते. तथापि ‘गावगाडा’ गावाचा नमुना रंगवतो. त्यातला कुणबी हा कुठलाही कुणबी आहे, अमुक घरातला अमुक नव्हे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ साली, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास इंग्रजीत छापला. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी घरोघर जाऊन हिशेब मांडला. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे निव्वळ शेतीवर नीट उभी होती, २८ कुटुंबे बाहेरच्या कमाईच्या आधारे तगून होती आणि ६७ कुटुंबांचा मेळ कसाही बसत नव्हता. जुनी कागदपत्रे चाळून त्यांनी असेही दाखविले की, सरासरी खातेदाराची जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर. पुढे ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध केला. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तेथे जमिनीचा हिशेब चौरस फुटांत होतो. ‘गावगाडा’ आणि मान यांचा अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची जुनी इच्छा आहे. एकात भाषा आहे, दुसऱ्यात घरे आहेत.

मान यांची परंपरा पुण्यातच पुढे गेली. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची, पुणे शहराची, सोलापूर शहराची पाहणी केली. १९५० पासून महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि देशभरच्या हजारो घरांतला खर्च नोंदवला जाऊ लागला. याच पाहणीचे १९६०-६१ चे आकडे घेऊन वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा तो प्रसिद्ध हिशेब मांडला. ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही त्यांची रेषा. तिच्याखाली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के माणसे होती. या कामाचे महत्त्व वादातीत आहे. पण नमुना पाहणीची एक मर्यादा मुळातलीच आहे. प्रत्येक फेरीत घरे नवी निवडली जातात. त्यामुळे या वर्षी शंभरांत चाळीस गरीब आणि पाच वर्षांनी शंभरांत चाळीस गरीब, एवढे समजते. ते चाळीस तेच आहेत, की वीस वर आले आणि दुसरे वीस खाली गेले, हे समजत नाही. दोन्हींची टक्केवारी एकच, पण ती दोन वेगळी गावे आहेत. पहिल्यात दारिद्र्य ही काहींची जन्मठेप आहे. दुसऱ्यात ती सर्वांच्या दारावरून फिरणारी पाळी आहे. त्यावरचे उपायही वेगळे.

(आमच्या महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजनाही इंग्रजी आद्याक्षरांनी एनएसएस म्हणूनच ओळखली जाते. तिच्या हिवाळी शिबिरात दरवर्षी ‘ग्रामसर्वेक्षण’ होते, दरवर्षी नवे गाव असते आणि भरलेले तक्ते कपाटात जातात. नावाबरोबर मर्यादाही सारखीच निघावी, हा योगायोग.)

तेच घर, तीच चूल, वर्षामागून वर्ष: या पद्धतीची पाहणी खर्चिक असते आणि तिला चिकाटी लागते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६८ मध्ये सुमारे पाच हजार कुटुंबे हाती धरली आणि पुढे त्यांच्या मुलानातवंडांपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. उत्तर प्रदेशातल्या पालनपूर या गावी १९५७-५८ पासून दर काही वर्षांनी अभ्यासक परत जात राहिले. आपल्याकडचा प्रयोग १९७५ साली सुरू झाला. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने सहा गावे निवडली: तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. संस्थेला हवे होते बियाणे आणि मशागतीविषयीचे ज्ञान. परंतु एन. एस. जोधा, जेम्स रायन, हान्स बिन्सवांगर प्रभृती अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, ज्याच्यासाठी वाण तयार करायचे तो शेतकरी कोणत्या हिशेबाने पेरतो ते आधी पाहावे.

प्रत्येक गावातून ४० घरे घेतली. दहा मजुरांची, म्हणजे ज्यांच्या वहितीत अर्ध्या एकराहूनही कमी जमीन होती अशी. आणि दहा-दहा लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची. ‘लहान’ कोणाला म्हणायचे याचे मोजमाप मात्र गावागणिक वेगळे ठेवले. कळमणच्या माळावरचा लहान शेतकरी दुसऱ्या गावी मध्यमात मोडला असता. लहान-मोठेपणा एकरांत नसून शेजाऱ्याच्या तुलनेत असतो, हे खेड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. संख्याशास्त्राने ते मानले, एवढेच विशेष. आणखी एक निर्णय आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माहिती गोळा करणारा अन्वेषक त्या गावातच राहणार होता. तो शेतकी पदवीधर, स्वतः खेड्यातून आलेला, तिथली भाषा बोलणारा असे. दर तीन-चार आठवड्यांनी तो त्याच घरी जाई आणि मागच्या भेटीपासून आजवर काय पिकले, काय विकले, किती दिवस कामाला गेलात, कोणाला काय दिले-घेतले, ते विचारी. वर्षाच्या शेवटी एकदाच विचारले की माणूस गोळाबेरीज सांगतो. तीन आठवड्यांनी विचारले की त्याला मंगळवारच्या बाजारात विकलेली कोंबडी आठवते.

या अन्वेषकाच्या कामात भाषेचा भाग किती असेल, याचा विचार आमच्या मनात वारंवार येतो. तक्त्यात रकाना एकच, ‘कर्ज’. पण खेड्यात हातउसने वेगळे आणि कर्ज वेगळे. हातउसन्याला व्याज नसते, मुदत नसते, लेख नसतो. आठवण मात्र पक्की असते. धान्य सवाई-दिढीने आणले तर ते कर्जच, पण रुपयांत सांगता येत नाही. वर्षभराच्या गड्याला कुठे सालगडी म्हणतात, कुठे सालदार. त्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते, सरकारचे एप्रिलात, कृषिवर्ष पावसाबरोबर. सावड आणि इर्जिक यांत पैसा हातांतून जातच नाही: आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या, किंवा साऱ्यांनी येऊन एकाचे काम उरकायचे आणि त्याने जेवण घालायचे. हे कोणत्या रकान्यात घालायचे? हा शब्दांचा प्रश्न कागदावर कोणी तरी सोडवला असणार, आणि तो सोडवणारा तो गावात राहणारा पदवीधर असणार. त्याच्या त्या रोजच्या भाषांतरावर पुढचे सगळे शास्त्र उभे आहे.

त्या नोंदींतून काय निघाले? सुरुवातीस बिन्सवांगर यांनी या गावांत खऱ्या पैशांचा छापा-काटा मांडला. हमखास थोडे घ्यायचे की नशिबावर जास्त मिळवायचे, अशी निवड शेतकऱ्यांपुढे ठेवली आणि डाव काही पैशांपासून वाढवत अशा रकमांपर्यंत नेला की, त्या काळच्या मजुरीच्या मानाने त्या लहान नव्हत्या. बहुतेकांनी मध्यम सावधपणाचा पर्याय निवडला आणि श्रीमंत-गरीब यांच्या स्वभावात फारसा फरक दिसला नाही. गरीब शेतकरी नवे बियाणे घेत नाही तो भित्रा किंवा अडाणी म्हणून, हा सरकारी बंगल्यांतला आवडता समज तेथे ढासळला. धाडसाच्या मागे उभा राहणारा पैसा किंवा पत त्याच्याजवळ नसते, एवढाच फरक.

पुढे बैलांची गोष्ट. मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये या घरांची वर्षे एकापुढे एक मांडून दाखविले की, वाईट वर्षी बैल विकला जातो आणि बऱ्या वर्षी घेतला जातो. बैल हे औत ओढणारे साधन, तसेच ते घराची शिल्लकही असते. अडचण अशी की, ज्या वर्षी सर्वांना विकायचे असते त्या वर्षी भाव पडतो आणि पुढच्या पेरणीला औतच नसते. परिणामी घराला परवडले असते त्याहून कमी बैल त्याच्या दावणीला राहतात. ग्रामीण कथेत बाजाराला निघालेल्या बैलाचे प्रसंग आपण पुष्कळ वाचले आहेत, काहीसे अतिपरिचयाने त्यांचा कंटाळाही केला आहे. येथे तो प्रसंग शेकडो वेळा, भावासह, महिन्यासह नोंदला गेला आहे. आमच्यापुरते बोलायचे तर, त्या कथांकडे परत जावेसे वाटले ते ही कोरडी नोंद वाचून.

सोयरिकीचा निष्कर्ष मात्र आम्हांला तितका सहज पचला नाही. रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांचा १९८९ चा निबंध असे मांडतो की, ज्या घरांचे शेतीचे उत्पन्न अधिक बेभरवशाचे, ती घरे मुली अधिक दूरच्या गावी देतात. एकाच पावसाखालच्या दोन गावांत सोयरीक केली तर दुष्काळ दोघांनाही एकदम येतो. वेगळ्या पावसाखालचे व्याही अडचणीला उपयोगी पडतात. तर्क खरा आहे आणि आकडे त्याला साथ देतात. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी ‘चार गावं सोडून’ मुलगी द्यावी असे म्हणताना हे मनात धरले असेलही. पण जात्यावरच्या ओव्यांनी लांबच्या माहेराविषयी जे सांगितले आहे ते याच व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूचे आहे. घराची जोखीम कमी झाली, ती कोणाच्या अंगावर गेली? तक्त्यात ‘विवाह: अंतर’ असा आकडा येतो; त्या अंतरावर राहणारी मुलगी त्या ४० घरांतून बाहेर गेलेली असते, आणि पुढच्या भेटीत तिला कोणी विचारत नाही. पुढे काही अंशी ही उणीव भरून निघाली, त्याकडे आम्ही येऊच.

या गावांची कीर्ती मात्र झाली ती रॉबर्ट टाउनसेंड यांच्या १९९४ च्या निबंधाने. औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांची दहा वर्षांची नोंद घेऊन त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले, घरात आजारपण आले, काम मिळाले नाही, तर त्या वर्षी त्या घराचे खाणेपिणे किती घटते? उत्तर असे आले की, स्वतःच्या उत्पन्नाबरोबर घराचा खर्च फारसा हलत नाही. तो हलतो साऱ्या गावाच्या खर्चाबरोबर. गाव चांगले तर घर चांगले, गाव अडले तर घर अडले. जणू गावाने एकमेकांचा विमा उतरवला आहे. हा विमा परिपूर्ण आहे असे गणित मान्य करत नाही, परंतु अपेक्षेहून तो फार जवळ येतो, हे टाउनसेंड यांचे म्हणणे. सावड, हातउसने, भाऊबंदकी, व्याही-विहीण या सगळ्या शब्दांना अर्थशास्त्राने एकत्रित दिलेले हे नाव. तीनपैकी एका गावात भूमिहीनांना या विम्याचे संरक्षण कमी मिळते, असेही त्यांनी नोंदविले होते. ते वाक्य मात्र पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिले, कारण एकजिनसी, एकमेकांना सांभाळणारे गाव ही कल्पना सर्वांनाच आवडते.

यावर पहिला आक्षेप आला तो मोजण्याविषयी. मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी १९९७ मध्ये दाखविले की, खर्चाचा काही भाग थेट विचारून लिहिलेला नसून पीक, विक्री आणि साठा यांच्या वजाबाकीतून काढलेला आहे. दुसऱ्या रीतीने हिशेब केला तर स्वतःच्या उत्पन्नाची ओढ खर्चावर अधिक दिसते. साध्या भाषेत, कणगीत किती उरले हे नीट मोजले नसेल तर ताटात किती पडले हे चुकते. दुसरा आक्षेप आम्हांला अधिक खोल वाटतो. मॉरिझिओ माझ्झोको आणि शिव सैनी यांनी २०१२ मध्ये हीच जुनी माहिती पुन्हा हाती घेतली. जोखीम पत्करण्याची प्रत्येक घराची वृत्ती सारखी नसते, हे गृहीत धरून त्यांनी नवी कसोटी लावली. निष्कर्ष असा: गाव ही जोखीम पूर्णपणे वाटून घेते, हे टिकत नाही, पण जातीच्या पातळीवर ते खोटे ठरवता येत नाही. म्हणजे सावड आहे, विमाही आहे, परंतु त्याची सीमा गावकुसाची नसून जातीची आहे.

आपल्याला हे नवे नाही, असे कोणी म्हणेल. दलित आत्मकथनांनी हे किती तरी आधी आणि किती तरी तीव्रतेने सांगितले, हे खरेच आहे. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९७५ ते १९८५ या काळात तक्ता भरणाऱ्या अन्वेषकाच्या डोक्यात हा प्रश्न नव्हता, त्याच्या वरिष्ठांच्याही नव्हता. तरी उत्तर त्या तक्त्यांत पडून होते आणि पंचवीस-तीस वर्षांनी वेगळे वाचणाऱ्याला ते सापडले. आम्ही पाठचिकित्सेचे विद्यार्थी. चांगली संहिता तिच्या कर्त्याला ठाऊक नसलेले सांगते, हे आम्ही वर्गात शिकवतो. दुसरे असे की, आत्मकथनाला ‘हा एका घराचा अनुभव’ म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ असतात. ४० घरांच्या दहा वर्षांच्या हिशेबाला तसे सारता येत नाही.

मग ज्यांची जात लहान, ज्यांच्यात उसने देण्याइतके कोणाजवळच नाही, त्यांनी काय करायचे? याचेही उत्तर याच नोंदींत आहे, आणि ते महाराष्ट्राचे स्वतःचे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. सोलापूर-अकोल्याच्या गावांत ती होती, महबूबनगरच्या गावांत नव्हती. टॉमस वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तुलना केली तेव्हा शिरापूर व कंझरा येथील भूमिहीन घरांच्या उत्पन्नातील चढउतार औरेपल्लीतल्या तशाच घरांच्या तुलनेत सुमारे निम्मा आढळला. योजनेने मजूर श्रीमंत झाले नाहीत. त्यांचे वाईट वर्ष तेवढे वाईट राहिले नाही. रोजगार हमीवर खडी फोडण्याचे, खोट्या हजेरीपटांचे, विहिरी कागदावर खणल्याचे जे लिहिले गेले ते खोटे नव्हे. पण २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यापूर्वी अशा योजनेचा घरावर काय परिणाम होतो हे वर्षानुवर्षांच्या नोंदीने सांगणारी ठिकाणे फार थोडी होती, आणि त्यांपैकी दोन मराठी खेडी होती.

या दप्तरात मोठ्या फटी आहेत, तेही सांगितले पाहिजे. पाहणी १९७५ ला सुरू झाली, म्हणजे १९७२ चा दुष्काळ तिच्या पहिल्या पानाच्या अलीकडेच राहिला. सोलापूरच्या माणसाला विचारले तर तो काळ मोजतो तो त्या दुष्काळापासून. दहा वर्षांनी, १९८५ च्या सुमारास, पाहणी थांबली आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू झाली. सोळा वर्षांचा हा खंड नेमका कोणत्या वर्षांचा आहे पाहा: मधल्या काळात आर्थिक धोरण बदलले, आणि खंड संपला तेव्हा विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरू लागली होती. परत गेल्यावर चुली वेगळ्या झालेल्या होत्या. ‘घर’ म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे, ही व्याख्या एका वर्षासाठी ठीक. पंचवीस वर्षांत एका चुलीच्या चार होतात, एक विझते, एक पुण्याला जाते. २००५-०६ मध्ये स्टीफन डेरकॉन, प्रमिला कृष्णन आणि सोफिया क्रुतिकोव्हा यांच्या पाहणीने मूळ घरांतून बाहेर पडलेल्यांनाही शोधून काढले, लग्न होऊन गेलेल्या मुलींसह. घरांचे राहणीमान तीस वर्षांत पुष्कळ सुधारल्याचे त्यांना दिसले. केवळ गावात उरलेल्यांना विचारले असते तर ही गोष्ट अर्धीच कळली असती. पुढे २००९ पासून ही पाहणी पूर्व भारतात आणि बांगलादेशातही पसरली.

मूळ सहा गावांत मराठवाड्याचे एकही गाव नाही. नकाशावर पाहिले तर अकोला वर, सोलापूर खाली आणि आमचा मुलूख मधे. जांब समर्थ तेव्हाही होते, पण निजामाच्या हैदराबाद राज्यातून आलेल्या या प्रदेशाच्या वाट्याला आल्या त्या केशव अय्यंगार यांच्या १९२९-३० आणि १९४९-५१ च्या ग्रामीण चौकश्या. एकेका वेळच्या, घराचा पाठपुरावा न करणाऱ्या. अलीकडे, २०१४ पासून, मुंबईची सीएमआयई ही खाजगी संस्था देशभरातील दीड लाखाहून अधिक घरांत दर चार महिन्यांनी त्याच घरी जाते. पण तिच्या नमुन्यात अतिगरीब घरे कमी पडतात, असा आक्षेप ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमंची यांनी २०२१ मध्ये आकड्यांनिशी घेतला. सरकारी पाहणीचे म्हणावे तर २०१७-१८ चा खर्चाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्धच न करण्याचे ठरले.

उद्या कोणी घनसावंगी तालुक्यात ४० घरे निवडायची ठरवली तर त्याला पहिल्याच वर्षी एक अडचण येईल. दसरा-दिवाळी उलटली की या भागातली कित्येक घरे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. घराला कुलूप, फार तर ओट्यावर एखादी म्हातारी आणि शाळेसाठी मागे ठेवलेला मुलगा. घरी परतणे उन्हाळ्याच्या तोंडाशी. दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या अन्वेषकाने या सहा महिन्यांत काय लिहावे? नमुना पाहणीत बंद घराऐवजी दुसरे घर घेण्याची मुभा असते, आणि दुसरे घर म्हणजे अर्थातच ज्याला गावात राहणे परवडते ते. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत जी चूल पेटते ती जांब समर्थची मानायची की पश्चिम महाराष्ट्राची? तिच्यावरचे पीठ उचलीतले, उचल पुढच्या हंगामाच्या मजुरीतली, आणि मजुरी टनावर. त्या घराचा अखंड, वर्षानुवर्षांचा, तारीखवार हिशेब आज फक्त मुकादमाच्या वहीत आहे.